चिनी वैद्यकातील कष्टार्तव आणि औषधकाळातील अपथ्य : एक ऐतिहासिक विचार

मासिक पाळीतील वेदनेवर चिनी वनौषधी घेणाऱ्या स्त्रीला थंड पेये, कच्च्या भाज्या व फळे, तेलकट पदार्थ टाळावयास सांगितले जाते. हे नियम एकाच प्राचीन शास्त्रवचनातून आले असावेत असा सर्वसाधारण समज असतो. ग्रंथपरंपरा पाहता मात्र त्यामागे किमान तीन वेगवेगळे प्रवाह असल्याचे दिसून येते.

पहिला प्रवाह कोणत्याही औषधाच्या सेवनाशी निगडित आहे. पूर्व हान राजवटीच्या अखेरीस, इ.स. २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग याने रचलेल्या 'शांगहान लुन' या ग्रंथात दालचिनीच्या डहाळ्यांच्या काढ्यासोबत कच्चे व थंड अन्न, चिकट व बुळबुळीत पदार्थ, मांस, पिठाचे पदार्थ, उग्र वासाच्या भाज्या, मद्य आणि दुग्धजन्य पदार्थ निषिद्ध ठरविलेले आढळतात. हा काढा थंडीच्या बाधेने आलेल्या ज्वरावरचा आहे. म्हणजेच 'कच्चे आणि थंड' हा निषेध मुळात स्त्रीरोगासाठी सांगितलेलाच नव्हता. सातव्या शतकात सुन सिम्याओ यानेही काढा घेणाऱ्याने अन्न पूर्ण शिजवूनच खावे असा दंडक घातला. स्त्रियांच्या चिकित्सेला ग्रंथारंभी स्थान देणाराही हाच वैद्य होय.

दुसरा प्रवाह रोगाच्या कारणमीमांसेचा. इ.स. ६१० मध्ये छाओ युआनफांग याने पाळीतील पोटदुखीचे स्वतंत्र विवेचन केले. श्रमाने रक्त आणि 'छी' क्षीण होतात, वारा व थंडी शरीरात शिरतात आणि थंडीचा रक्ताशी संघर्ष होऊन वेदना उद्भवते, असे त्याचे प्रतिपादन होते. ही थंडी बाहेरून येणारी आहे, ताटातली नव्हे, ही बाब महत्त्वाची आहे. पुढे मिंग काळातील झांग जिएबिन (१५६३–१६४०) याने पाळीच्या दिवसांत शीत गुणाची औषधे कटाक्षाने वर्ज्य करावीत आणि अन्नालाही हाच नियम लावावा असे स्पष्टपणे लिहिले. औषधाचा नियम आणि रोगाचा नियम येथे एकत्र आलेले दिसतात.

तिसरा प्रवाह द्रव्यागणिक निषेधांचा. ली शिझेन याच्या १५९६ मध्ये छापल्या गेलेल्या 'बेनसाओ गांगमू' या ग्रंथात अशी यादीच आहे. त्यानुसार दिहुआंग या मुळीसोबत कांद्याची पात, लसूण, मुळा आणि प्राण्यांचे रक्त वर्ज्य आहे. हीच मुळी सोंग काळापासून स्त्रियांच्या चिकित्सेत रूढ असलेल्या 'सीवू तांग' या चार द्रव्यांच्या काढ्यात असते. परिणामी तो काढा घेणाऱ्या स्त्रीच्या मुळा खाण्यावर आलेले बंधन तिच्या पोटदुखीमुळे नसून त्या मुळीमुळे होते.

आपल्याकडील पथ्यापथ्यविचाराशी हे साम्य सहज जाणवेल. परंतु साम्यावरून उसनवारीचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

सरसकट यादी देण्यातील खरी अडचण परंपरेच्या आतूनच स्पष्ट होते. झू झेनहेंग (१२८१–१३५८) याने पाळीपूर्वीची वेदना आणि पाळीनंतरची वेदना यांत भेद केला होता. नंतरची वेदना त्याने रक्त व 'छी' यांच्या क्षीणतेशी जोडली. उष्णतेने उद्भवलेल्या प्रकारात तर आले, मिरची, मद्य हेच टाळावयाचे. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझोऊ व छंगदू येथे चिनी वैद्यकाची महाविद्यालये स्थापन झाली. तेथील पाठ्यपुस्तकांतून रूढ झालेल्या वर्गीकरणातही हे भेद कायम आहेत. रुग्णेच्या हाती पडणाऱ्या छापील सूचनेत मात्र ते बहुधा गळून पडतात, आणि वेदना न थांबल्यास दोष औषधाऐवजी तिच्या खाण्याकडे जाण्याचा धोका राहतो.

२००८ मध्ये कॉक्रेन संस्थेच्या समीक्षेत ३९ चाचण्या आणि ३४७५ स्त्रियांची माहिती तपासली गेली. निष्कर्ष आशादायक असले तरी चाचण्यांचा दर्जा कमकुवत ठरला. शिवाय समीक्षेचा विषय वनौषधी हा होता, अपथ्य नव्हे. 'सीवू तांग' मधील दांगग्वेई या मुळीमुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा प्रभाव वाढू शकतो, ही आजची सावधगिरी ली शिझेनच्या यादीत असणे शक्यच नव्हते. मुळा मात्र तेथे आहे.