हिज्कीया

यहूदाचा राजा, दाविदाच्या वंशातला, आहाजाचा पुत्र. इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरीस यरुशलेम येथे राज्यावर होता. त्याच्या हिब्रू नावाचा अर्थ ‘याहवे बळ देतो’ असा आहे. अश्शूरचा सम्राट सन्हेरीब याने इ. स. पू. ७०१ मध्ये यहूदावर केलेल्या स्वारीमुळे तो प्रसिद्ध आहे. बायबलमध्ये ही हकीकत २ राजे, २ इतिहास आणि यशया या तिन्ही ग्रंथांत येते.

उत्तरेचे इस्राएल राज्य अश्शूरने इ. स. पू. ७२२ च्या सुमारास बुडवले होते. इ. स. पू. ७०५ मध्ये अश्शूरचा सम्राट दुसरा सार्गोन मारला गेला, तेव्हा हिज्कीयाने अश्शूरला द्यायची खंडणी थांबवली. पाठबळासाठी दरबाराची नजर मिसरच्या (इजिप्तच्या) घोडदळाकडे लागली. संदेष्टा यशयाने याला कडाडून विरोध केला. मिसरी लोक माणसेच आहेत, देव नव्हेत. त्यांचे घोडेही हाडामांसाचेच, असे तो बजावत राहिला. पुढे स्वारीच्या वेळी एल्तकेच्या लढाईत आपण मिसरच्या फौजेला हरवले, असे सन्हेरीबाने कोरून ठेवले आहे.

सन्हेरीबाने यहूदाची ४६ तटबंदीची नगरे घेतल्याचा दावा केला. त्यांपैकी लाखीश या नगराच्या पाडावाची शिल्पे निनवे येथील त्याच्या राजवाड्यात होती, ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. शरण आलेल्यांची रांग त्यांत दिसते. बायका, मुले, सामानाने भरलेले गाडे. हिज्कीया घाबरला, हे बायबल लपवत नाही. त्याने ३० किक्कार (वजनाचे जुने माप) सोने आणि ३०० किक्कार चांदी खंडणी म्हणून भरली. त्यासाठी यरुशलेमच्या मंदिराच्या दारांवरचे सोने काढून दिले. तरीही अश्शूरचे सैन्य यरुशलेमच्या तटापाशी आलेच.

अश्शूरचा अधिकारी रब-शाके याने तटाखाली उभे राहून केलेले भाषण हा या हकीकतीचा गाभा म्हणावा लागेल. दरबाऱ्यांनी अरामी भाषेत बोलण्याची विनंती केली, पण तो मुद्दाम लोकांच्या भाषेत बोलला. तुमचा भरवसा नेमका कशावर आहे, हाच प्रश्न त्याने पुन्हापुन्हा विचारला. मिसर म्हणजे मोडका बोरू, टेकणाऱ्याच्या हातातच घुसणारा, ही प्रतिमा त्याच्याच तोंडची. इथपर्यंत शत्रू आणि यशया यांचे एकमत आहे. पुढे रब-शाके सांगतो की देवही वाचवणार नाही, आणि तिथे दोघांच्या वाटा फुटतात. हिज्कीयाने नंतर आलेले धमकीचे पत्र मंदिरात नेऊन देवापुढे उलगडून ठेवले. हतबल माणसाची याहून साधी प्रार्थना सापडणे कठीण.

भरवसा म्हणजे हातावर हात धरून बसणे नव्हे. गीहोन झऱ्याचे पाणी तटाच्या आत आणणारे सुमारे ५३३ मीटर लांबीचे भुयार हिज्कीयाच्याच काळातले मानले जाते. दोन बाजूंनी खोदत आलेले कामगार एकमेकांचे आवाज ऐकत कसे भेटले, हे सांगणारा हिब्रू शिलालेख १८८० मध्ये सापडला. तो इस्तंबूलला आहे. यशयाची तक्रार पाण्याच्या सोयीविषयी नव्हती. लोकांनी तळ्यात पाणी साठवले, घरे मोजली, पण ज्याने हे सारे योजले त्याच्याकडे वळून पाहिले नाही, हे त्याचे दुःख होते.

वेढ्याचा शेवट कसा झाला? बायबलनुसार देवदूताने एका रात्रीत अश्शूरचे १,८५,००० सैनिक मारले. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने मिसरमधली वेगळी आख्यायिका नोंदली आहे : उंदरांनी अश्शूरी सैन्याच्या धनुष्यांच्या दोऱ्या कुरतडल्या. सन्हेरीबाचे लेख हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखा कोंडल्याची आणि मोठ्या खंडणीची फुशारकी मारतात. यरुशलेम घेतल्याचे मात्र कुठेच म्हणत नाहीत. इ. स. पू. ६८१ मध्ये सन्हेरीबाची हत्या घरच्याच माणसांकडून झाली.

सुटकेची आठवण पुढे वेगळ्याच वाटेने गेली. मंदिर आहे तोवर नगराला धक्का लागणार नाही, असा समज लोकांत रुजला. सुमारे शतकभराने संदेष्टा यिर्मयाने मंदिराच्या दारात उभे राहून त्याला खोटा आधार म्हटले आणि परके, अनाथ, विधवा यांच्याशी न्यायाने वागा असे विनवले. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबिलच्या नबुखद्नेस्सराच्या सैन्याने नगर आणि मंदिर जाळले.