पापणीवरचा पिवळा चट्टा : त्वचेने दिलेली हृदयाची खबर

पापणीवर, नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात, पिवळसर मऊ चट्टा उठतो. तो दुखत नाही, खाजतही नाही. त्यामुळे "पार्लरमध्ये जाऊन काढून टाकला की झालं" असं आपल्याला वाटतं. पण हा फक्त दिसण्याचा प्रश्न नाही, हे कळायला डॉक्टरांनाही बरीच वर्षं लागली.

१८५१ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन आणि विल्यम गल यांनी अशा चट्ट्यांचं आणि गाठींचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांच्या रुग्णांपैकी काहींना कावीळ होती, एकाला मधुमेह होता. म्हणजे या चट्ट्यांचं मूळ शरीराच्या आत असू शकतं, याची खूण तेव्हाच मिळाली होती. पुढे 'पिवळा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून गाठींना झँथोमा आणि पापणीवरच्या चट्ट्यांना झँथेलाझ्मा ही नावं पडली. हृदयाशी असलेला धागा मात्र सुटाच राहिला.

तो जोडला नॉर्वेच्या कार्ल म्युलर यांनी, १९३०च्या दशकाच्या अखेरीस. अंगावर गाठी, रक्तात जास्त कोलेस्टेरॉल आणि हृदयविकार या तिन्ही गोष्टी त्यांना १७ कुटुंबांत पिढ्यानपिढ्या एकत्र आढळल्या. हा आजार आनुवंशिक आहे, हे त्यातून पुढे आलं.

असं का होतं, याचं उत्तर १९७०च्या दशकात अमेरिकेत मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना सापडलं, तेही रुग्णांच्या त्वचेतल्याच पेशी तपासून! रक्तातलं एलडीएल कोलेस्टेरॉल पेशीत ओढून घेणारी 'दारं' या रुग्णांत कमी असतात किंवा नीट चालत नाहीत. मग ते रक्तात साठतं आणि रक्तवाहिन्यांत, त्वचेत, स्नायूबंधांत जाऊन बसतं. या शोधाला १९८५चं नोबेल मिळालं. याच काळात जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. १९८७ साली अमेरिकेत पहिल्या स्टॅटिन औषधाला मान्यता मिळाली.

या इतिहासातून आपण काय घ्यायचं? पापणीवर चट्टा असलेल्या जवळजवळ निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल असतं, म्हणून घाबरू नका. पण चट्टा काढण्याआधी लिपिड प्रोफाइल नक्की करून घ्या. बोटांच्या सांध्यांवर किंवा टाचेच्या मागच्या जाड शिरेवर टणक गाठी असतील, तर अजिबात वेळ काढू नका. आनुवंशिक आजार निघाला, तर भावंडांची आणि मुलांचीही तपासणी करा. हा आजार दर २५० ते ३०० माणसांमागे एकाला असतो आणि पुष्कळांना त्याचा पत्ताच नसतो.

चट्टा काढला तरी रक्तातलं कोलेस्टेरॉल तसंच राहतं. औषधं वेळेवर सुरू केली, तर हृदयविकाराचा धोका खूप कमी करता येतो.