चाल उसनी, शब्द आपले

‘रॅप’ हा शब्द कानावर पडला की माझ्या वयाची बरीच मंडळी आधी आवाज कमी करतात. हे गाणं नाही, नुसती बडबड आहे, अशी त्यांची तक्रार असते. ती मला समजते. पण मुंबईच्या ज्या दोन मुलांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रणांविषयी मी बोलणार आहे, ती ऐकताना मला आपला नाशिक जिल्हाच आठवत राहिला. तेव्हा थोडा वेळ आवाज कमी करू नका.

त्यातला एक कुर्ल्याचा नावेद शेख. गाण्यात तो ‘नेझी’ होतो. दुसरा अंधेरीच्या जे. बी. नगरचा व्हिव्हियन फर्नांडिस, म्हणजे ‘डिव्हाईन’. हिप-हॉप मूळचं न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातलं. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तिथल्या एका इमारतीत झालेल्या मेजवानीपासून त्याचा इतिहास मोजतात. कूल हर्क नावाने ओळखला जाणारा तरुण एकच तबकडी दोन यंत्रांवर आलटून पालटून वाजवी आणि गाण्यातला नुसत्या ठेक्याचा तुकडा लांबवत नेई. त्या ठेक्यावर बोलणं सुरू झालं, तेच रॅप. नाशिक ढोलाच्या गावात ठेक्याची ताकद वेगळी सांगायला नको.

ही लाट मुंबईच्या गल्ल्यांत पोहोचली तेव्हा आधी नक्कल झाली. डिव्हाईन सुरुवातीला इंग्रजीतच लिहायचा. मग तो हिंदीकडे वळला आणि २०१३ मध्ये त्याचं ‘ये मेरा बॉम्बे’ आलं. जानेवारी २०१४ मध्ये नेझीचं ‘आफत’ आलं. त्याची जन्मकथा आता बरीच सांगितली जाते, पण ती खरोखर सांगण्यासारखी आहे. ठेका इंटरनेटवरून उतरवून घेतलेला, आवाज घरातल्या आयपॅडवर मुद्रित केलेला, आणि चित्रणही त्याच आयपॅडवर, कुर्ल्यातच. स्टुडिओ नाही, कंपनी नाही. मुलं ते मोबाइलवर एकमेकांना ऐकवू लागली. त्याच वर्षी त्याच्यावर ‘बॉम्बे ७०’ हा लघुपट निघाला. कुर्ल्याचा पिनकोड ४०००७०, त्यावरून हे नाव. डिव्हाईनही आपला ५९ हा आकडा असाच मिरवतो. जे. बी. नगर म्हणजे मुंबई ५९.

पत्त्याचा एवढा अभिमान कशासाठी? ज्या वस्तीचं नाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, तिथल्या मुलानं ते नाव गाण्यात ठणकावून घेतलं, की ऐकणाऱ्या दुसऱ्या मुलाची मान थोडी ताठ होते. या गाण्यांच्या ओढीचं मोठं कारण मला हेच वाटतं. भाषाही तशीच. बंबईया हिंदी, मराठी मुरलेली, घरात बोलतात तशी. व्याकरणाच्या मास्तरांनी कानांवर हात ठेवावेत अशी.

आता नाशिककडे या. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत १९२२ साली जन्मलेले वामनदादा कर्डक पोटासाठी मुंबईत गेले आणि अक्षरओळख झाली तीही मोठेपणी. त्यांचं पहिलं गाणं १९४३ सालचं. ते एका हिंदी चित्रपटगीतावरचं विडंबन होतं. चाल लोकांच्या ओठावर आधीच बसलेली, शब्द तेवढे आपले. ‘आफत’चा उतरवून घेतलेला ठेका आणि ही उसनी चाल यांत मला फारसा फरक दिसत नाही. ज्याच्याकडे वाजवणारे नसतात, तो जे हाताशी आहे त्यावर उभा राहतो. वामनदादा गाण्याच्या शेवटी ‘वामन’ अशी नाममुद्रा घालत. रॅपर मधेच स्वतःचं नाव घेतो तेव्हा आपल्याला तो फुशारकी मारतोय असं वाटतं. संतांच्या अभंगात तीच गोष्ट आपण शतकानुशतकं आनंदानं ऐकत आलो आहोत.

वामनदादांच्या आधीची पिढी भीमराव कर्डकांची, तेही आपल्याच जिल्ह्यातले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांसारखे कार्यकर्ते त्यात पुढे होते. त्या काळात आंबेडकरी विचार गावोगाव नेण्याचं काम जलशांनी केलं. तमाशाचा साचा उचलला, पण त्यातलं देवस्तवन बदललं, आणि मेलेली जनावरं ओढू नका, मुलांना शाळेत घाला, हे संवादांतून नि गाण्यांतून सांगितलं. भीमरावांचं ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक १९७८ सालचं. ते वाचताना शब्द हाती लागतात. पण ओळ कुठे तोडली, डफ कुठे थांबला, गर्दीतून दाद केव्हा आली, हे कागदाला कसं कळणार? पुस्तक मिटलं की मला दर वेळी चुटपुट लागते.

कुर्ल्याच्या मुलाचं तसं झालं नाही. त्याचा पहिला, कच्चा, धापा टाकणारा आवाज जसाच्या तसा राहिला, आणि तो राखला त्याचा त्यानेच.

एप्रिल २०१५ मध्ये दोघं ‘मेरे गली में’ या गाण्यात एकत्र आले. संगीत दिल्लीच्या ‘सेझ ऑन द बीट’चं, प्रकाशन सोनी म्युझिकचं, चित्रण दोघांच्या गल्ल्यांत. डिव्हाईनचा आवाज जड, खरखरीत. नेझीचा चपळ, धारदार, श्वास कुठे घेतो ते कळू न देणारा. कलगी-तुऱ्यात दोन फड एकमेकांना कोड्यात पकडतात. इथे भांडण नाही, एकानं शब्द टाकायचा आणि दुसऱ्यानं तो झेलून पुढे न्यायचा. झोया अख्तर यांच्या ‘गली बॉय’मध्ये, २०१९ साली, हे गाणं रणवीर सिंगच्या आवाजाची भर घालून पुन्हा आलं आणि देशभर पोहोचलं. ते अधिक घोटीव आहे. मला मात्र २०१५ चंच आवडतं, आणि त्याहून ‘आफत’.

‘गली बॉय’च्याच वर्षी मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाचं ‘द वारली रिव्होल्ट’ आलं. आरेच्या जंगलासाठी केलेलं हे गाणं. त्यात एमसी मवाली मराठीत रॅप करतो आणि त्याच्या जोडीला आरेतच राहणारे वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर गातात. ज्यांना हिंदी रॅप कानाला बोचतं, त्यांनी सुरुवात इथून करावी.