चढण, साखळी आणि स्वाभिमान

सपाट रस्त्यावर सायकल हे मनुष्याने निर्माण केलेल्या अत्यंत सुखद वाहनांपैकी एक होय. चढणीवर मात्र तिचा आणि स्वाराचा स्नेह तत्काळ आटतो. आपल्यापैकी ज्यांची नेमणूक सिमला वा शिलाँगसारख्या डोंगराळ गावी झाली असेल, त्यांना हे निराळे सांगावयास नको. पुण्याच्या पेठांतून मोठ्या ऐटीत सायकल दामटणारा गृहस्थही तेथे गेल्यावर ती हाती धरून निमूटपणे चालू लागतो. या दुःखावरचा उपाय अगदी साधा आहे : गाडीस अधिक हलका गिअर बसवावा. परंतु या साध्या उपायास मानाचे स्थान मिळण्यास, सायकलींच्या शर्यतींचे माहेरघर असलेल्या फ्रान्समध्येसुद्धा, कित्येक दशके लागली. अडचण लोखंडाची जितकी होती, तितकीच मनाची होती.

प्रथम यातील गणित पाहू. पॅडलचा एक फेरा पुरा झाला असता गाडी किती पुढे जाईल, हे पुढच्या चेनव्हीलच्या आणि मागच्या फ्रीव्हीलच्या दात्यांच्या प्रमाणावर ठरते. पुढे ५० दाते व मागे २५ असल्यास एका फेऱ्यात मागचे चाक दोनदा फिरते. चाकाचा परीघ सुमारे २.१ मीटर धरला, तर गाडी ४.२ मीटर पुढे सरकते. त्याऐवजी पुढे ३४ व मागे ३२ दाते घेतले, तर ती सुमारे २.२ मीटरच सरकेल. ताशी १० किलोमीटर वेगाने घाट चढावयाचा झाल्यास पहिल्या गाडीवर मिनिटास ४० फेरे मारावे लागतील, दुसरीवर सुमारे ७५. मात्र दुसरीवर प्रत्येक फेऱ्यास लागणारा पायाचा जोर जवळजवळ निम्म्याने कमी होईल. डोंगराचे देणे एका पैशानेही घटत नाही; ते केवळ लहान हप्त्यांनी फेडता येते. आणि ज्यांना मासिक वेतनावर संसार करावयाचा असतो, त्यांना हप्त्यांचे महत्त्व कोणी शिकवावयास नको.

ही युक्ती सायकलीच्या रचनेतच दडलेली होती. जुन्या उंच चाकाच्या सायकलीत पॅडल थेट पुढच्या चाकास जोडलेले असे. त्यामुळे स्वाराच्या पायाची लांबी हीच चाकाची आणि वेगाचीही मर्यादा ठरे. १८८५ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याने ‘रोव्हर’ ही सायकल तयार केली. तीत साखळीने मागचे चाक फिरू लागले, आणि पायाचा फेरा व चाकाचा फेरा यांचे नाते माणसाच्या इच्छेनुसार ठरवणे शक्य झाले. तथापि हे नाते एकदा जुळले की तेच कायम राही. मैदानास योग्य असे प्रमाण घ्यावे, तर चढ चढवेना. चढास योग्य घ्यावे, तर सपाटीवर पाय नुसते भिरभिरत.

या पेचातून वाट काढण्याचा ध्यास ज्याने घेतला, त्याचे नाव पोल द व्हीव्ही. १८५३ साली जन्मलेला हा गृहस्थ प्रथम रेशमाचा व्यापारी होता. पुढे त्याने सेंत-एत्येन या गावी सायकलींचा व्यवसाय आरंभला, १८८७ साली एक नियतकालिक काढले आणि त्यात तो ‘वेलोसियो’ या टोपणनावाने लिहू लागला. सेंत-एत्येनच्या दक्षिणेस ११६१ मीटर उंचीची ‘कोल द ला रेप्युब्लिक’ ही खिंड आहे. त्या चढणीवर एकदा त्याच्याच वाचकांपैकी एक तरुण तोंडात पाइप धरून, हलका गिअर मारीत सहज त्याच्या पुढे निघून गेला, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, वेलोसियोने पुढील आयुष्य एकाच सायकलीवर अनेक गिअर कसे बसवावेत या प्रयोगांत वेचले, हे मात्र निश्चित. दोन चेनव्हीले, दोन साखळ्या, हाताने साखळी सरकवणे, असे नाना प्रकार त्याने व त्याच्या मित्रमंडळींनी घाटरस्त्यांवर पारखून पाहिले. शर्यती जिंकण्याशी त्याला फारसे कर्तव्य नव्हते. सामान्य माणसाला, स्त्रीला, पन्नाशी उलटलेल्या गृहस्थालाही डोंगराचा आनंद घेता यावा, एवढीच त्याची इच्छा होती. भूक लागण्यापूर्वी खावे, थकण्यापूर्वी विसावा घ्यावा आणि केवळ दिमाखासाठी पॅडल मारू नये, अशा अर्थाचा उपदेश तो करीत असे.

याच्या नेमके उलट मत आंरी देग्रांज याचे होते. १८९३ साली पॅरिसमध्ये एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर तोडून विक्रम करणारा हा खंदा सायकलपटू पुढे ‘लोतो’ या वृत्तपत्राचा संपादक झाला, आणि १९०३ साली त्याने ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. त्यापूर्वी १९०२ साली फ्रान्सच्या तूरिंग क्लबाने गिअरच्या सायकलींची डोंगराळ प्रदेशात परीक्षा घेतली होती. तीत मार्त हेस या महिलेने तीन गिअरच्या सायकलीवर केलेली कामगिरी पाहून पुष्कळांचे डोळे उघडले. देग्रांजचे मत मात्र पालटले नाही. बदलते गिअर पंचेचाळिशीपुढील लोकांसाठी ठीक आहेत. विजय यंत्राच्या करामतीने नव्हे तर स्नायूंच्या बळाने मिळवावा, असा त्याच्या लेखनाचा आशय होता.

त्याच्यावर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, त्याच्या आग्रहात एक तत्त्व होते. शर्यत माणसामाणसांत व्हावी, कारखान्याकारखान्यांत नव्हे, असे त्यास वाटे. पण साखळी हीसुद्धा करामतच. ती स्वीकारून पुढच्या करामतीस अधर्म ठरवणे हे तर्कास धरून नव्हते. शिवाय शर्यतीचा दंडक हळूहळू सर्वसामान्य स्वारांच्याही प्रतिष्ठेचा दंडक होऊन बसला, हा त्यातला मोठा तोटा.

या दंडकाची किंमत स्वारांनी पायांनी मोजली. १९१० साली ही शर्यत पिरेनीज पर्वतातील २११५ मीटर उंचीच्या तुरमाले घाटावर प्रथमच नेण्यात आली. त्या वर्षीचा विजेता ओक्ताव्ह लापीझ यालाही तेथे काही अंतर उतरून चालावे लागले. गुस्ताव्ह गारिगू याने मात्र न उतरता घाट पार केला. पुढील काळात मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंस निरनिराळ्या दात्यांची चक्रे असत. चढ आला की स्वाराने उतरावे, नट सैल करावेत, चाक काढून उलटे बसवावे, आणि घाटमाथ्यावर पुन्हा तोच खटाटोप करावा. १९२७ साली इटलीत क्रोचे दाउने खिंडीत गारठलेल्या बोटांनी तुल्लिओ काम्पान्योलो यास हे नट सुटेनात, आणि त्यातूनच क्षणात चाक सोडवणारी त्याची प्रसिद्ध कळ जन्मास आली, अशी कथा प्रचलित आहे.

‘देरायर’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी रुळावरून घसरवणारा असा आहे. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणारे हे यंत्र सहलीस जाणारे लोक वापरीत होते, पण तूर द फ्रान्सच्या मानकऱ्यांना त्याची मनाई होती. १९३६ साली प्रकृती बिघडल्यामुळे देग्रांजला सूत्रे झाक गोदे याच्या हाती द्यावी लागली, आणि १९३७ साली ही बंदी उठली. त्या वर्षी रोजे लापेबी हा देरायर वापरून विजयी झाला. वेलोसियोला मात्र हा दिवस पाहता आला नाही. १९३० साली ट्रामच्या धडकेने त्याचा अंत झाला होता.

आज गाडीस हलका गिअर बसवणे कठीण राहिलेले नाही. पुढचे चेनव्हील लहान घ्यावे किंवा मागचे चक्र मोठे घ्यावे. साखळी पुरेशी लांब आहे आणि देरायर तेवढे मोठे चक्र व साखळीचा ढिलेपणा पेलतो, एवढे पाहावे. व्यवसायी स्पर्धकसुद्धा आता उंच घाटांवर लहान चेनव्हील आणि मोठी चक्रे निःसंकोच वापरतात. तरीही हौशी स्वाराच्या मनात एक बारीकशी लाज शिल्लक असतेच : एवढा हलका गिअर म्हणजे दुबळेपणाची कबुली तर नव्हे?

या प्रश्नाचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. हलक्या गिअरने डोंगराची उंची एका बोटानेही कमी होत नाही. चढणारास ती पूर्णच चढावी लागते. फरक एवढाच की, पूर्वी जो पर्वत मूठभर बलदंडांचा होता, तो या दात्यांनी अनेकांना खुला केला. आपल्या शक्तीचे माप ओळखून तदनुरूप साधन निवडणे यात कमीपणा नाही. किंबहुना स्वाभिमानाचे ते अधिक प्रौढ रूप म्हणावे लागेल. कोल द ला रेप्युब्लिकच्या माथ्यावर आज वेलोसियोचे स्मारक उभे आहे, आणि ज्यांना एके काळी डोंगर वर्ज्य मानला जाई, असे साधे स्वार आपापल्या बेताने पॅडल मारीत तेथवर पोचतात.