बारा आण्यांचं नुकसान

१ एप्रिल १९५७ ला सरकारनं रुपयाचे १०० नवे पैसे केले आणि १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै असा आमचा थाटाचा संसार मोडीत निघाला. चार आण्यांचे २५ बरोबर जमले. पण एका आण्याचे होतात सव्वासहा, तिथं सहावर भागवावं लागलं. १९६४ साली पैशाचं 'नवे'पणही सरलं आणि ३० जून २०११ नंतर तर खुद्द चाराणेच चलनातून गेले.

पण आणा नाणं म्हणून गेला तरी माप म्हणून आमच्या आरमोरी-ब्रह्मपुरीच्या धानपट्ट्यात ठणठणीत आहे. आमच्या शाखेत बाहेरगावचे एक साहेब नवे आले होते. एक बाबाजी त्यांना म्हणाले, "यंदा बारा आणे धान गेलं जी." साहेबांनी अर्जावर लिहिलं, 'नुकसान : ७५ पैसे.' वर विचारतात, "एवढ्यासाठी कर्जाची मुदत कशाला वाढवायची?"

मी खुर्चीवरून उठलोच. म्हटलं, "साहेब, रुपयातले बारा आणे! यांच्या घरात चारच आणे धान आलंय." इंग्रजी अमलात पीक आण्यांत मोजत, म्हणून ती आणेवारी, पुढं तिची पैसेवारी झाली. ५० पैशांच्या आत पीक उतरलं की टंचाई. म्हणजे बाबाजी सरकारी भाषाच बोलत होते, फक्त जुनी!

साहेबांनी ओळ खोडली, अर्ज पुढं सरकवला. जाताना बाबाजी मला हळूच म्हणाले, "साहेब भला हाये जी, पण चार आणे कमी."

साहेबांनी अर्थ विचारला. म्हटलं, "पंचवीस पैसे."