राख आणि पातेरा

स्वयंपाकघरातील देठे-साली, अंगणातील केर आणि परसातील पालापाचोळा एका खड्ड्यात साठवून त्याचे खत करावयाचे, ही गोष्ट आज शहरांतून नवा शोध म्हणून सांगितली जाते. नगरपालिका तिच्यासाठी पत्रके काढतात आणि इमारतींच्या आवारात प्लास्टिकची पिंपे उभी राहतात. खेड्यातील माणसास उकिरडा कोणी शिकवावा लागत नाही. जी विद्या घरोघरी होती, तीस इतिहास कोठून आला, असे कोणी विचारील. या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर असा मुलूख पाहावा, की जेथे जमिनीस कस देण्याची एक रीत मोडली गेली आणि दुसरीवर सगळी भिस्त येऊन पडली. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील दिग्गीचा परिसर हा असा मुलूख होय.

दिग्गी हे गोव्याच्या सीमेलगत, सह्याद्रीच्या दाट रानातील गाव. काळी नदी याच डोंगराळ भागात उगम पावते आणि कारवारजवळ समुद्रास मिळते. तालुक्याचे जुने नाव सुपे. त्या नावाचे गाव काळी नदीवरील धरणाच्या जलाशयाखाली गेले आणि तालुक्याची कचेरी जोयड्यास आली. वस्ती मुख्यतः कुणब्यांची, कोकणी-मराठी बोलणारी. चार घरे या टेकाडावर, चार त्या ओढ्यापलीकडे, अशी विखुरलेली. मृगापासून पुढे चार महिने येथे पाऊस असा कोसळतो की तांबड्या मातीतील चुना, पालाश वगैरे जे काही विरघळण्याजोगे असेल ते धुऊन जाते. एवढे घनदाट अरण्य ज्या भूमीवर उभे आहे, ती सुपीकच असली पाहिजे, असे प्रवाशास वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. या रानाची बहुतेक संपत्ती झाडांच्या अंगात आणि जमिनीवर पडलेल्या पाल्याच्या वीतभर थरात असते. झाडे तोडून पाला वाहून जाऊ दिला, तर दोन-तीन पावसाळ्यांत खाली नुसता दगडगोटा उरतो.

म्हणून येथल्या शेतकऱ्यापुढचा खरा प्रश्न हा, की रानात साठलेला तो कस पिकापर्यंत आणावयाचा कसा? त्याचे दोनच मार्ग. एक जाळण्याचा आणि दुसरा कुजविण्याचा.

जाळण्याच्या मार्गास कुमरी म्हणतात. हिवाळ्यात डोंगरउतारावरील रान तोडावयाचे, ते उन्हात वाळू द्यावयाचे, वळवापूर्वी त्यास आग लावावयाची आणि पहिल्या पावसात त्या राखेत नाचणी पेरावयाची. एक-दोन वर्षे पीक चांगले येई. पुढे ती जागा दहा-बारा वर्षे रानास परत देऊन दुसरीकडे जावयाचे. नांगर नको, बैल नको, शेणही नको. मनुष्यवस्ती विरळ आणि रान अफाट असे, तोवर या पद्धतीत फारसे वावगे नव्हते. फेरा लहान झाला की मात्र रान पुरते भरून येत नाही, हेही खरे.

हा प्रदेश तेव्हा मद्रास इलाख्यात होता. १८५६ मध्ये ह्यू क्लेगहॉर्न या डॉक्टर असलेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाची त्या इलाख्याचा पहिला वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली, आणि त्याने कुमरीविरुद्ध कंबर कसली. १८६० मध्ये सरकारी रानात विशेष परवानगीवाचून कुमरी करण्यास मनाई झाली. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यास जोडला गेला, १८७८ मध्ये वनांचा कायदा झाला, आणि राखीव जंगलाच्या खुणा डोंगरोडोंगरी उभ्या राहिल्या. रान उजाड झाले की पाऊसपाणी बिघडते, ही क्लेगहॉर्नची भीती खोटी नव्हती. पण त्याच वर्षांत जहाजांसाठी सागवान आणि आगगाडीच्या रुळांखाली घालावयास लाकूड सरकारास हवे होते, हेही विसरता येत नाही. कुणब्याने एक उतार जाळला तर तो नाश, आणि कंत्राटदाराने तोच उतार तोडला तर ते उत्पन्न, असा तो हिशेब होता. कुमरी एका फटक्यात नाहीशी झाली नाही. पण तिच्यावर पोट भरण्याचे दिवस संपले.

हाच तंटा मुंबई सरकारास दुसऱ्या बाजूनेही भेटला. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत भाताच्या रोपासाठी राब भाजण्याची चाल आहे. झाडांच्या फांद्या, पाला, गवत आणि शेण यांचे थर देऊन ते वाफ्यावरच जाळावयाचे आणि त्या जागी बी टाकावयाचे. राबासाठी फांद्या तोडण्यास वनखात्याने अटकाव करताच एवढा असंतोष माजला की १८८५ मध्ये सरकारास एक वन-आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. झाडाची डहाळी आणि जमिनीवरचा पाला हा राज्यकारभाराचा विषय होऊ शकतो, हे त्यावेळी अनेक साहेबांस प्रथमच उमगले असावे.

आता कुजविण्याचा मार्ग. त्यास लागणारी मुख्य वस्तू म्हणजे पातेरा, अर्थात गळून पडलेला वाळका पाला. उन्हाळ्यात, म्हणजे रानाची पानगळ झाल्यावर आणि पहिल्या पावसाने पाला भिजण्यापूर्वी, बायामाणसे झाडणीने तो गोळा करतात आणि भारे बांधून घरी आणतात. रोज थोडा पातेरा गोठ्यात गुरांच्या पायाखाली पसरावयाचा. रात्रभर त्यावर शेण-मूत पडते, गुरांच्या खुरांनी तो चुरला जातो. सकाळी तो ओढून खड्ड्यात टाकावयाचा. त्यावरच घरचा केर, भाजीचे देठ, फणसाची चारखंडे, भाताचा कोंडा, चुलीतील राख. पावसाळ्यात गोठा कोरडा राहतो, गुरांस ऊब मिळते, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो खड्डा उपसला की काळसर, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत हाती येते. ज्यास शेणाचा वास अजून येतो ते खत कच्चे, एवढी परीक्षा लहान पोरासही ठाऊक असते.

ही रीत सर्वांत बारकाईने सांभाळली ती शिरसी, सिद्धापूर आणि यल्लापूर भागांतील हव्यक बागायतदारांनी. सुपारी, मिरी आणि वेलदोडा यांच्या बागांस दरसाल पाल्याचे खत लागते. म्हणून घाटावरच्या या बागांस लागून असलेले रान, ज्यास तिकडे ‘बेट्ट’ म्हणतात, पाला तोडण्यासाठी नेमून देण्यात आले. बागेच्या एका एकरामागे नऊ एकरांपर्यंत रान, असे ते प्रमाण होते. एक एकर बाग पोसावयास नऊ एकर जंगलाचा पाला! खत म्हणजे काय वस्तू आहे, हे या एका आकड्यावरून जितके कळते तितके मोठ्या ग्रंथानेही कळणार नाही. परंतु ही सवलत बागायतीस जोडलेली होती. ज्याच्या नावावर बाग आणि सारा, त्यास बेट्ट. ज्याचे शेतच दर दोन वर्षांनी जागा बदलत होते, त्या कुमरीवाल्याच्या नावावर बेट्ट चढणार कोठून? राख त्यास मना झाली आणि पातेरा मेहरबानीचा झाला.

येथे राख आणि खत यांतील भेद थोडा उलगडून सांगितला पाहिजे. पाला जाळला की त्यातील पालाश, चुना व स्फुरद राखेत राहतात आणि पिकास तत्काळ मिळतात. परंतु नत्राचा बहुतेक भाग आणि सगळा सेंद्रिय अंश धुरावाटे उडून जातो. उरलेली राख पहिल्या मोठ्या सरीबरोबर वाहू लागते. पाला कुजला तर सूक्ष्म जंतू आणि बुरशी त्यावर पोसतात. ढीग आतून तापतो, नीट रचला असल्यास साठ अंशांपर्यंतही जातो, आणि त्या उष्णतेत तणांचे बी आणि रोगाचे जंतू पुष्कळसे मरतात. शेवटी जे उरते ते पाणी धरून ठेवते आणि कस हळूहळू सोडते. धुऊन जाणाऱ्या मातीस याहून दुसरे मोलाचे काय असणार? मात्र कुजण्यास वेळ लागतो, गुरे लागतात, आणि पाला घरापर्यंत वाहून आणणारे डोके लागते. कुमरीची राख रानातच पडत असे. पातेऱ्याचा प्रत्येक भारा कोणा तरी बाईच्या मानेवरून आला आहे.

या घरगुती रीतीस शास्त्राचे रूप मिळाले ते मराठी राजवटीच्याच एका नगरात. आल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारातील पुसा येथे आला. शेतकरी आणि पिकांवरील कीड हेच आपले गुरू, असे तो मानीत असे. त्या काळच्या अधिकाऱ्यांत हा गुण दुर्मिळच म्हणावयाचा. १९२४ मध्ये होळकर दरबाराने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर त्याने इंदूर येथे वनस्पति-संशोधनाची संस्था उभी केली. तेथे त्याचे रसायनशास्त्रातील सहकारी होते यशवंत वाड. हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने १९३१ मध्ये शेतीतील टाकाऊ वस्तूंपासून खत करण्यावरील ग्रंथ निघाला आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. आज हॉवर्डचे नाव सर्वत्र घेतले जाते, वाडांचे क्वचितच. वास्तविक कोणता पदार्थ किती घातला असता कुजणे नीट चालते, हा प्रश्न मुळातच रसायनशास्त्राचा आहे.

इंदूर पद्धतीत गोठ्यातील अंथरूण, शेणकाला, मुतारीची माती आणि लाकडाची राख यांचे थर उथळ खड्ड्यात देत. सुमारे पंधरवड्याने, मग महिन्याने, मग दोन महिन्यांनी तो ढीग उलथापालथा करीत, आणि तीन महिन्यांत खत तयार होई. दिग्गीच्या खड्ड्याशी हे ताडून पाहिले तर जिन्नस जवळजवळ तेच, चुलीतील राखेसकट. वेगळेपणा उलथण्यात आणि मोजण्यात. खड्ड्यास वारा मिळाला पाहिजे, ही गोष्ट जुन्या उकिरड्यात सुटून गेली होती. म्हणून जेथे वर्ष लागे तेथे एक हंगाम पुरेसा झाला.

पुढील पायऱ्या भराभर घडल्या. १९३५ मध्ये गांधीजींनी ‘हरिजन’मधून या पद्धतीचा परिचय करून दिला. १९३९ मध्ये डॉ. आचार्य यांनी बंगळूर येथे शहरातील केर आणि मैला यांसाठी, ढीग न उलथता खत करण्याची निराळी पद्धत बसविली. डिसेंबर १९४७ मध्ये मीराबेनच्या कल्पनेतून दिल्लीस अखिल भारतीय कंपोस्ट परिषद भरली, डॉ. राजेंद्र प्रसाद तिचे अध्यक्ष होते. फाळणीच्या धगीत, अन्नटंचाईच्या दिवसांत देशाचे पुढारी खताच्या खड्ड्यावर विचार करीत बसले होते, हे आज वाचताना काहीसे अद्भुत वाटते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचे खत करणारे संडास सिद्ध केले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्यावे म्हणून ज्यांनी उपवास आरंभिला, त्यांच्या दृष्टीने खताचा प्रश्न हा अस्पृश्यतेचाही प्रश्न होता. घाण वाहणाऱ्याची जातच नको असेल, तर घाण जेथल्या तेथे माती झाली पाहिजे, असा त्यामागील रोखठोक विचार. विदर्भात पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्याची ‘नाडेप’ पद्धत रूढ केली. त्यात सुमारे चौदाशे किलो काडीकचऱ्यास शंभर किलोच्या आसपास शेण पुरते. ज्याच्या गोठ्यात एकच गाय उरली आहे, त्यास याचा अर्थ चटकन कळतो.

शहरात राहणाऱ्या श्रोत्यांची अडचण नेमकी उलट आहे. त्यांच्याजवळ ओला कचरा मुबलक, पण पातेरा नाही. भाजीच्या साली आणि उरलेले अन्न नुसतेच डब्यात साठविले तर ते सडते, त्यास घाण सुटते, आणि मग घरखत हा प्रकारच नको असे होते. ओल्या कचऱ्यात पाणी व नत्र जास्त. त्यास कोरडा पाला दुप्पट-तिप्पट मिसळला की वारा खेळतो, वास थांबतो आणि दोन-तीन महिन्यांत खत होते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सक्ती केली. पण झाडांचा पाला मात्र कित्येक रस्त्यांच्या कडेस ढीग करून पेटवून दिला जातो. ज्या कृत्यासाठी कुणब्यास गुन्हेगार ठरविले गेले ते शहरात सर्रास चालते, आणि त्या राखेत नाचणीसुद्धा पेरली जात नाही.

दिग्गीच्या भोवतालचे रान आता काळी व्याघ्र प्रकल्पाचे आहे. २००७ मध्ये दांडेली अभयारण्य आणि अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून तो प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्यास नदीचे नाव देण्यात आले. जोयड्याचे कुणबी परसात सुरण, अळकुड्या, कणगर असे कंद लावतात, आणि अलीकडे या कंदांचा मेळाही जोयड्यास भरू लागला आहे. कंदास माती पोकळ लागते, म्हणजेच पुन्हा पातेरा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क मान्य केला खरा. परंतु जे अनुसूचित जमातींत मोडत नाहीत त्यांनी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, त्या रानातील रहिवास सिद्ध करावयाचा आहे. सीमेपलीकडे गोव्यात कुणबी, गावडा आणि वेळीप यांचा २००३ मध्ये अनुसूचित जमातींत समावेश झाला. अलीकडच्या बाजूस त्याच नावाच्या, तीच भाषा बोलणाऱ्या कुटुंबांस तो लाभ तेव्हा मिळाला नाही. तेव्हा अर्जासोबत जोडावयास साऱ्याची पावती शोधणे आले, आणि कुमरीवाल्या आजोबाच्या नावावर साऱ्याची पावती कशी असावी? घरामागचा खड्डा मात्र कित्येक ठिकाणी त्याच जागी आहे, आणि दर वैशाखात तो उपसून पुन्हा भरला जातो.