रूळ, ट्राम आणि ताट: वाहनावाचून आलेल्या पाहुण्याची मुंबई

चांगली उपाहारगृहे निवडून सांगणाऱ्या पुस्तकांची आजची परंपरा मोटारीच्या पोटी जन्मली. मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीने 1900 साली आपली पहिली पुस्तिका काढली ती मोटारी बाळगणाऱ्यांसाठी. 1926 पासून तिच्यात भोजनगृहांना तारे मिळू लागले, तेव्हाही लांबचा पल्ला तोडून जेवायला जाणारा मोटारवाला हाच तिचा गृहीत वाचक होता. मुंबईतील बाहेरच्या जेवणाचा इतिहास नेमका दुसऱ्या टोकापासून सुरू होतो. खाणावळ, इराण्याचे हॉटेल आणि उडुपी उपाहारगृह या तिन्ही संस्था येथे ज्याच्यापाशी वाहन नव्हते, आणि पुष्कळदा शहरात स्वतःची चूलही नव्हती, अशा माणसाच्या जिवावर वाढल्या. म्हणून त्या कोठे सापडतील हे रेल्वेच्या रुळांनी, ट्रामच्या रस्त्यांनी आणि गिरण्यांच्या दरवाजांनी ठरवले.

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली आणि 9 मे 1874 पासून कुलाबा व बोरीबंदर येथून पायधुणीपर्यंत घोड्यांच्या ट्रामगाड्या सुरू झाल्या. माणसे आता थोड्या पैशांत आणि थोड्या वेळात शहरात उतरू लागली, परंतु त्यांच्या जेवणाचा प्रश्न मात्र केवळ सोयीचा नव्हता. दुसऱ्याच्या हातचे शिजवलेले अन्न खाण्यावर जातीची कडक बंधने असलेल्या समाजात परगावच्या माणसाने नातलगाकडे, जातभाईंकडे किंवा धर्मशाळेत स्वतःचा स्वयंपाक करून जेवावे, हाच रिवाज होता. ‘चांगले’ जेवण म्हणजे प्रथम ‘चालणारे’ जेवण, चव त्यानंतरची. रेल्वे स्थानकांवरसुद्धा हिंदू, मुसलमान आणि युरोपीय प्रवाशांसाठी वेगवेगळी उपाहारगृहे ठेवली गेली होती, यावरून ही बंधने किती खोलवर मुरलेली होती हे ध्यानात येते.

कोर्टकचेरी, औषधोपचार किंवा व्यापार यांसाठी दोनचार दिवस मुंबईत येणाऱ्या मराठी मध्यमवर्गाने यातून काढलेला मार्ग म्हणजे ‘बोर्डिंग-लॉजिंग’, अर्थात उतरण्याची खोली आणि ओळखीच्या पद्धतीचे जेवण एकाच छताखाली देणारे घर. क्रॉफर्ड मार्केटजवळचे सरदारगृह हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. लोकमान्य टिळक मुंबईत तेथे उतरत आणि 1 ऑगस्ट 1920 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. गिरगावातील माधवाश्रमासारखी घरेही याच वर्गाची सोय पाहत असत. बोरीबंदरला उतरलेला माणूस वळकटी हमालाच्या डोक्यावर देऊन चालत किंवा ट्रामने तेथे पोहोचू शकत असे, आणि गावातील कोणी पूर्वी उतरून गेलेले असले तर त्याचा शब्द हीच शिफारस पुरेशी ठरे.

याहून कितीतरी मोठा संसार गिरणगावातील खाणावळींचा होता, आणि मुंबईच्या खाद्येतिहासात त्याला अजूनही त्याच्या योग्यतेची जागा मिळालेली नाही. 1856 साली ताडदेव येथे कावसजी नानाभाई दावर यांची पहिली कापडगिरणी चालू झाल्यानंतर कोकणातून आणि घाटावरून पुरुष एकटे येऊ लागले, एका खोलीत अनेक जण पाळीपाळीने राहू लागले, आणि त्यांच्या जेवणाचा भार चाळीतल्याच एखाद्या बाईने पत्करला. खाणावळ म्हणजे मासिक ठरावाने जेवण देणारे घर. तेथे जेवणारा ‘मेंबर’ म्हटला जाई, रोजच्या रोज पैसे न देता पगार झाल्यावर महिन्याचा हिशेब चुकता करी, आणि गावाहून कोणी आले तर पाहुण्याचे ताट त्याच्याच नावावर मांडले जाई. पाटी नसलेल्या, वरच्या मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीलगत पाट मांडून, पहिली पंगत उठताच दुसरी बसवावी लागे, कारण गिरणीच्या पाळीचा भोंगा कोणासाठी थांबत नसे. महिनाभर उधारीवर जेवणारे पुरुष आणि त्या उधारीसाठी वाण्याकडे स्वतः कर्जात राहणारी खाणावळवाली, असा हा व्यवहार होता. गिरण्यांचा संप झाला की त्याचा पहिला तडाखा तिच्या डब्यांतल्या धान्याला बसे. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून या बायकांना बँकांची कर्जे मिळवून दिली, तोवर या धंद्याला धंदा म्हणून कोणी ओळखलेलेच नव्हते.

आठवडाअखेरच्या बाहेरच्या जेवणाची मुळेही याच वस्तीत सापडतात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनच्या वतीने चालवलेल्या चळवळीनंतर 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मान्य केली. सुट्टीमुळे नातलगांना भेटणे, शहर पाहणे आणि सावकाश जेवणे शक्य झाले. रविवारी दुपारी मटण किंवा मासळी, निदान काही गोडधोड, आणि संध्याकाळी चूल बंद, हा खाणावळींचा पाळला जाणारा क्रम त्या सुट्टीचीच निर्मिती होय, आणि आजही मराठी शहरांतील अनेक मेसमध्ये तो टिकून आहे.

रविवारी संध्याकाळी ज्याची खाणावळ बंद असे त्याला इराणी उघडा सापडे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून यझ्द आणि केरमान या इराणी प्रदेशांतून जरथुश्त्री, आणि त्यांच्याबरोबर काही मुसलमान, मुंबईत आले आणि त्यांनी चहाची दुकाने थाटली. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असे परंपरेने सांगितले जाते. त्यात तथ्य असेलही. परंतु दोन रस्त्यांवर उघडणारे दरवाजे चालणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन्ही बाजूंनी आत घेत, हा व्यावहारिक लाभ अधिक निर्णायक वाटतो. धोबी तलाव येथे 1904 साली सुरू झालेले कयानी मरीन लाइन्स स्थानकापासून चालत काही मिनिटांवर आहे. ग्रँट रोड स्थानकाच्या तोंडाशी 1914 साली मेरवानने दुकान उघडले, ज्याचा मावा केक सकाळी लवकरच संपून जाई. संगमरवरी माथ्याची टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, गल्ल्यावरून सारे दालन दिसावे म्हणून भिंतींवर लावलेले आरसे, आणि ब्रून मस्का, म्हणजे कडक कवचाचा पाव लोणी लावून, चहात बुडवून खाण्यासाठी: एवढ्या भांडवलावर इराण्याने शहराला बसायला जागा दिली. एका चहावर किती वेळ बसावे हे त्याने बहुधा मोजले नाही, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या गिऱ्हाइकाची जातही विचारली नाही.

ही दुसरी गोष्ट लहान नव्हती. अनेक हिंदू उपाहारगृहांची दारे अस्पृश्य मानलेल्यांना बंद होती, किंवा त्यांच्यासाठी कप वेगळे ठेवलेले असत. सार्वजनिक उपाहारगृहांत प्रवेश नाकारण्यास 1950 मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने मनाई केली, तेव्हा तो हक्क घटनेच्या पायावर उभा राहिला. त्यामुळे गावोगावच्या दलित पाहुण्यासाठी मुंबईत जेवण शोधणे ही चवीची नव्हे तर मानाची शोधयात्रा होती, आणि ‘कुठे चांगले मिळते’ याच्याआधी ‘कुठे आत घेतात’ हे त्याला विचारावे लागे. जुन्या मुंबईच्या खाद्यवैभवाचे जे गोड वर्णन करतात त्यांनी हे वगळणे योग्य नाही.

माटुंग्याचा इतिहास उपनगरीय रेल्वेशी अधिक सरळ जोडलेला आहे. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंगा भागात आखीव वस्त्या वसवल्या आणि त्यांत कचेऱ्यांत नोकरी करणारे दक्षिण भारतीय मोठ्या संख्येने राहायला आले. त्यांच्या पाठोपाठ उडुपी परंपरेतील स्वयंपाकी आले. 1942 साली सुरू झालेले रामा नायकांचे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आजही स्थानकालगतच्या मंडईच्या वरच्या मजल्यावर केळीच्या पानावर जेवण वाढते. दारातच पैसे भरायचे, आपला क्रम येईपर्यंत थांबायचे आणि वाढप्याच्या हाताकडे लक्ष ठेवून पानावर ‘पुरे’ म्हणायचे, ही तेथील शिस्त लोकलच्या प्रवाशांनीच घडवली आहे, कारण पुढची गाडी पकडणाऱ्याला जेवण भरपूर हवे असते आणि वाट पाहणे थोडके.

31 मार्च 1964 रोजी शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, आणि इराण्यांच्या पुढच्या पिढीने वाढत्या खर्चापुढे कोपरे सोडले. मोटारीने येणाऱ्यांसाठी जी नवी उपाहारगृहे निघाली त्यांतली पुष्कळशी गाड्या लावायला जागा असलेल्या गिरण्यांच्याच आवारांत निघाली. गिरगाव आणि काळबादेवी या नावांची भुयारी मेट्रो स्थानके 2025 मध्ये सुरू झाली. ती बांधताना तेथील काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. पायी येणारा पाहुणा मात्र या स्थानकांमुळे पुन्हा गिरगावच्या मध्यभागी उतरू लागला आहे. राईस प्लेट वाढणाऱ्याला परवडेल अशा भाड्याने त्या रस्त्यांवर जागा मिळेल का, हे महापालिकेच्या आणि घरमालकांच्या निर्णयांवर अवलंबून राहील.